गिधाडे गेली, कुत्री आली!

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न २०२५ च्या ऑगस्टमध्ये थेट सर्वोच्च न्यायालयासमोर उभा राहिला, तेव्हा साऱ्या देशाने आपापली मते मोठ्या हिरिरीने मांडली. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्लीतील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा हुकूम दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो सौम्य केला. पिसाळलेली आणि अंगावर धावणारी कुत्री वगळून बाकीच्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करावे आणि त्यांना पुन्हा त्यांच्या वस्तीत सोडावे, असे ठरविले. या अकरा दिवसांत श्वानप्रेमी आणि श्वानद्वेष्टे यांची जी जुंपली, तिचे वर्णन करण्याचे येथे प्रयोजन नाही. एक पक्ष भूतदयेचे दाखले देत होता, दुसरा चावा बसलेल्या मुलांकडे बोट दाखवीत होता, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे होते. परंतु या साऱ्या कोलाहलात एक साधा प्रश्न कोणी विचारल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. कोणताही प्राणी अन्नावाचून वाढत नाही. मग या देशात कुत्री वाढली ती कोणाच्या अन्नावर? त्यांच्यापुढे आज जे ताट वाढलेले आहे, ते पूर्वी कोणाचे होते?

या प्रश्नाचे एक उत्तर शहरांतल्या उकिरड्यांत आहे आणि ते सर्वांना ठाऊक आहे. दुसरे उत्तर गावाबाहेर, मेलेली जनावरे टाकण्याच्या माळावर आहे, आणि तिकडे सुशिक्षित माणूस नाकाला पदर लावल्याशिवाय पाहतसुद्धा नाही. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे या देशात गाईबैल आणि म्हशी मिळून तीस कोटींहून अधिक गुरे आहेत. त्यांपैकी फार मोठी संख्या म्हातारपणाने किंवा रोगाने मरते. गाय ही आपल्याकडे जिवंतपणी माता असते. ती मेल्यावर तिचे काय होते, हा विचार मात्र आपण कधी केला नाही. करावा लागला नाही, हेच अधिक खरे. कातडे माणूस सोलून नेई, हाडे गोळा करणारा हाडे नेई आणि या दोघांच्या मधले सारे काम गिधाडे करीत. आभाळात फार उंच घिरट्या घालणाऱ्या एका गिधाडाला खाली मढे दिसले, की ते उतरे. ते उतरताना पाहून दुसरे उतरे, दुसऱ्याला पाहून तिसरे. बघता बघता शेपन्नास पक्षी जमत आणि तासाभरात बैलाचा नुसता सांगाडा उरे. या पक्ष्याच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते, की सडक्या मांसातील अनेक रोगजंतू तेथेच भस्म होतात. याबद्दल त्याला कोणी दमडीही देत नव्हते. उलट, दुसऱ्याच्या मरणावर टपून बसलेल्या माणसाला आपण गिधाड म्हणतो! ज्या जटायूने सीतेसाठी प्राण दिले, त्याच्या कुळाची आपल्या भाषेत अशी संभावना व्हावी, हा उपकारफेडीचा विचित्रच प्रकार म्हटला पाहिजे.

१९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ही गिधाडे नाहीशी झाली. कमी झाली असे आम्ही म्हणत नाही, कारण तो शब्द येथे अपुरा आहे. एके काळी भारतात गिधाडे काही कोटींच्या घरात होती असा अंदाज आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांच्या ध्यानात प्रथम आले, की घरटी ओस पडत आहेत आणि झाडांवर माना टाकून बसलेले पक्षी पुढे मेलेले सापडत आहेत. देशभर मोजणी झाली तेव्हा निष्पन्न झाले ते असे: १९९२ मध्ये पांढऱ्या पाठीची जेवढी गिधाडे होती, त्यांतील हजारांमागे एकच २००७ मध्ये उरले होते. लांब चोचीच्या आणि बारीक चोचीच्या गिधाडांची संख्याही शेकडा ९६ हून अधिक घटली होती. कोणत्याही रानटी पक्ष्याचा इतक्या झपाट्याने झालेला संहार जगाच्या इतिहासात विरळा आहे.

प्रारंभी साथीच्या रोगाचा संशय होता. खरे कारण २००४ साली उघडकीला आले. पाकिस्तानच्या पंजाब प्रांतातील मेलेल्या गिधाडांची चिकित्सा करून लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. ते कारण म्हणजे डायक्लोफिनॅक. सांधे धरले, कंबर आखडली की तुम्ही-आम्ही जी गोळी घेतो, तेच हे औषध. पेटंटची मुदत संपून ते स्वस्त झाले आणि १९९४ च्या सुमारास गुरांसाठीही मिळू लागले. लंगडणाऱ्या बैलाला किंवा ताप भरलेल्या गाईला ते टोचले म्हणजे तिला आराम पडे; शेतकऱ्याने ते वापरले यात त्याचा तिळमात्र दोष नाही. पण उपचारानंतर एक-दोन दिवसांत जनावर दगावले, तर औषधाचा अंश त्याच्या मांसात आणि काळजात राहतो. तो पोटात गेला की गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडते, रक्तातील युरिक आम्ल खडूच्या भुकटीसारखे अवयवांवर साचते आणि काही दिवसांत पक्षी मरतो. शास्त्रज्ञांनी हिशेब केला, तेव्हा दिसले की शंभरांत एकापेक्षाही कमी मढ्यांत हे विष असले, तरी एवढा संहार होण्यास ते पुरेसे होते. गिधाड मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात येण्यास चार-पाच वर्षे लागतात. एका मढ्यावर पन्नास पक्षी जेवत असतील, तर एका विषारी मढ्याने किती घरटी रिकामी होत असतील, हे सांगावयास पंडित नको.

येथे शास्त्रातील एका जुन्या प्रयोगाची आठवण होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील खडकांत रॉबर्ट पेन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९६३ पासून एकच उद्योग चालविला होता. खडकाच्या एका पट्ट्यावरील तारामासे तो उचलून समुद्रात फेकून देई. तारामासा शिंपले खातो. तो गेल्यावर शिंपल्यांना आळा घालणारे कोणी उरले नाही. त्यांनी सारा खडक व्यापला आणि जेथे पंधरा जातींचे जीव नांदत होते, तेथे आठ उरले. अशा प्राण्याला पेनने १९६९ मध्ये कमानीच्या माथ्यावरील दगडाची उपमा दिली. कमानीत दगड पुष्कळ असतात आणि बाहेरून सारे सारखेच दिसतात. पण माथ्यावरचा तो एक काढला, की बाकीचे आपल्या जागी राहत नाहीत. शाळेत आपण ‘अन्नसाखळी’ शिकलो: गवत, हरिण, वाघ. साखळीची कल्पना सोपी आहे, पण ती फसवी आहे. साखळीचा शेवटचा दुवा गळाला तर फार तर साखळी आखूड होईल असे वाटते. वास्तविक सृष्टीत साखळी नसून जाळे आहे. त्यातला एक धागा तुटला तर त्यावरचा भार नाहीसा होत नाही, तो शेजारच्या धाग्यांवर जातो. गिधाडाच्या वाट्याचे मांस गिधाडाबरोबर गेले नाही. ते माळावरच राहिले आणि दुसरे खाणारे शोधू लागले.

ते खाणारे म्हणजे कुत्रे आणि उंदीर. कुत्रा मढे गिधाडाइतके स्वच्छ फस्त करीत नाही आणि त्याला रेबीज होतो. गिधाड कोणाला चावत नाही, कुत्रा चावतो. एवढ्या फरकाची किंमत किती, याचा पहिला मोठा हिशेब २००८ साली अर्थशास्त्रज्ञ अनिल मार्कंडेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. गिधाडांच्या अभावी देशात किमान ५५ लाख कुत्री वाढली, त्यांनी सुमारे ३ कोटी ८५ लाख अधिक चावे घेतले आणि रेबीजने ४७ हजारांहून अधिक माणसे जास्तीची मेली, असा त्यांचा अंदाज होता. २०२४ मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त प्रसिद्ध केलेला शोध याहूनही भेदक आहे. त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. जेथे गिधाडे पूर्वी मुबलक राहू शकत, असे जिल्हे त्यांनी एका बाजूस घेतले आणि जेथे ती मुळातच फारशी नव्हती, असे दुसऱ्या बाजूस. औषध स्वस्त होण्यापूर्वी दोन्हीकडील मृत्युमान जवळपास एकाच चालीने चालले होते. नंतर पहिल्या गटातील मृत्युमान शेकडा चाराहून अधिक चढले, दुसऱ्यात तसे झाले नाही. त्याच सुमारास रेबीजच्या लशीचा खप वाढला आणि नद्यांचे पाणी बिघडले, कारण कोणी खात नाही ती मढी अखेर पाण्यात जातात. २००० ते २००५ या पाच वर्षांत दरवर्षी एक लाखाहून अधिक, म्हणजे एकंदर पाच लाखांवर माणसे यापायी अकाली मेली असा त्यांचा निष्कर्ष आहे.

पाच लाख माणसे! एखाद्या युद्धात एवढी माणसे पडली असती, तर चौकाचौकांत स्मारके उभी राहिली असती. ही माणसे कोठे, कशी मेली याची नोंदही धड झालेली नाही, कारण मृत्यूच्या दाखल्यावर ‘गिधाड नसल्यामुळे’ असे कोणी लिहीत नाही. आकडे आणखी काटेकोर तपासले जावोत, कोणी ते थोडे कमी करील; पण या विषयाकडे पक्षिवेड्यांचा छंद म्हणून पाहण्याचे दिवस संपले आहेत.

या नुकसानीचा वाटा सर्वांच्या पदरी सारखा पडला नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मुंबईच्या मलबार टेकडीवरील डुंगरवाडीत पारशी समाजावर जो प्रसंग ओढवला, त्याची चर्चा वृत्तपत्रांतून पुष्कळ झाली. मृतदेह पक्ष्यांच्या स्वाधीन करण्याचा शेकडो वर्षांचा धर्माचार पक्षीच उरले नाहीत म्हणून अडला, आणि सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसविण्याची पाळी त्या समाजावर आली. खेड्यातल्या माळावरची गोष्ट मात्र कोणाच्या कानी गेली नाही. मेलेले ढोर ओढण्याचे काम आपल्या समाजाने काही जातींच्या माथी मारले होते आणि वर त्यांनाच अस्पृश्य ठरविले होते. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते हीन काम आणि मृतमांस टाकून देण्याचे आवाहन केले, ते योग्यच होते. घाण उपसणाऱ्या माणसाला आपण तुच्छ लेखले आणि घाण उपसणाऱ्या पक्ष्यालाही. माणसाने ते काम नाकारले तो त्याचा हक्क होता. त्या जागी नगरपालिकांनी आणि जिल्हा परिषदांनी यंत्रे, खड्डे, वाहने यांची व्यवस्था उभारावयास हवी होती. ती फारच थोड्या ठिकाणी झाली, आणि पक्षी मेल्यावर उरलीसुरली व्यवस्थाही गेली. कुत्रा चावल्यावर लशीसाठी वीस कोस पायपीट करावी लागते ती माळाशेजारच्या वस्तीतल्या मुलाला, आम्हा-तुम्हाला नव्हे.

या जाळ्याचा आणखी एक धागा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. अकोले तालुक्यातील उसाच्या पट्ट्यात बिबट्या काय खातो याचा अभ्यास विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा निघाला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री खातात आणि त्यामुळे मुंबईकरांना बसणारे सुमारे एक हजार चावे टळतात, असा अंदाज २०१८ च्या एका निबंधात आहे. गिधाड गेल्यामुळे बिबट्या उसात आला, असे म्हणण्याइतके आम्ही उतावीळ नाही. त्याला इतर कारणे पुष्कळ आहेत. पण वस्तीभोवती कुत्री जितकी अधिक, तितके बिबट्याला तेथे राहणे सोयीचे, हे नाकारता येणार नाही. आणि बिबट्या दिसताच त्याला हलवा म्हणून मोर्चे निघतात, तेव्हाही मूळ ताटाचा विचार कोणी करीत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हा आपला नेहमीचाच कारभार.

असे यापूर्वी घडले नव्हते काय? चीनमध्ये १९५८ साली चिमण्या दाणे खातात म्हणून त्यांच्या संहाराची मोहीम निघाली. किडी खाणारे कोणी उरले नाही हे उमगल्यावर १९६० मध्ये चिमणीचे नाव यादीतून काढून ढेकणाचे घालावे लागले. आपण स्वतः बेडकांच्या तंगड्या परदेशी धाडून परकीय चलन मिळविले आणि १९८७ मध्ये तो व्यापार बंद केला, कारण शेतातली कीड खाणारा बेडूकच आपण विकून टाकीत होतो. या उदाहरणांत निदान प्राणी जाणूनबुजून मारले गेले. गिधाडांचे तसे नाही. त्यांच्यावर कोणी शस्त्र उचलले नाही, कोणाचा तसा हेतूही नव्हता. ती केवळ हिशेबात धरली गेली नाहीत, आणि आमच्या मते हे अधिक भयंकर आहे.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. त्यानंतर माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जाऊ लागल्या, तेव्हा २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक असलेले औषध २००६ मध्येच सिद्ध झाले होते. म्हणजे गुरांना वेदनेत ठेवा असे कोणी सांगत नव्हते. पण डायक्लोफिनॅकची जागा मेलॉक्सिकॅमबरोबर त्याच्या भाऊबंदांनीही घेतली. ॲसिक्लोफिनॅक गाईच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफिनॅकच होते. समोरचे दार लावले आणि मागचे सताड उघडे ठेवले, असा हा प्रकार. किटोप्रोफेनही गिधाडांना घातक ठरले. बांगलादेशाने त्यावर २०२१ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे या दोन्ही औषधांवरील बंदी २०२३ च्या जुलैअखेर निघाली. मग निमेसुलाइडचा क्रम लागला. प्रत्येक वेळी तोच क्रम: आधी पक्षी मरावयाचे, मग शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे पुरावे जमवावयाचे, मग न्यायालयाची दारे ठोठवावयाची आणि शेवटी राजपत्रात दोन ओळी छापावयाच्या. बैल गेल्यावर झोपा करण्याची म्हण आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरतो. या प्रकरणात बैलही गेला आणि त्याला खाणाराही गेला! यात आपण एकटेच नाही, एवढाच काय तो दिलासा. युरोपातील बहुतांश गिधाडे ज्या स्पेनमध्ये आहेत, त्या देशाने भारताचा सारा अनुभव समोर असतानाही २०१३ मध्ये गुरांसाठी डायक्लोफिनॅकला परवानगी दिली.

दोष आहे तो परवान्याच्या प्रश्नपत्रिकेत. औषध जनावराला गुण देते काय, त्याला अपाय करते काय, दुधामांसातून माणसाच्या पोटात किती उतरते, एवढेच औषध नियंत्रक विचारतात. ते जनावर मेल्यावर त्याला कोण खाईल आणि त्याचे काय होईल, हा प्रश्न त्या कागदावर नाही. तीस कोटी गुरांच्या देशात तो असलाच पाहिजे. केंद्र सरकारच्या २०२० ते २०२५ च्या गिधाड संवर्धन आराखड्यात, गिधाडांना विषारी ठरलेले औषध पशुवैद्यकीय वापरातून आपोआप बाद व्हावे, अशी सूचना होती. ती कायद्याच्या भाषेत उतरली पाहिजे, आणि तिच्याही एक पाऊल पुढे जाऊन सिद्ध करण्याचे ओझे औषध बनविणाऱ्यावर टाकले पाहिजे: निर्धोकतेची चाचणी आधी, परवाना नंतर. यामुळे औषधे महागतील, असा आक्षेप येईल. काही महागतीलही. परंतु गिधाडांच्या अभावाची किंमत फ्रँक आणि सुदर्शन यांनी वर्षाला सुमारे ६९ अब्ज डॉलर धरली आहे. तिच्यापुढे काही चाचण्यांचा खर्च म्हणजे किस झाडकी पत्ती!

आपल्या राज्यापुरते पाहिले तर आशेला थोडी जागा आहे. जटायू जेथे पडला असे भाविक मानतात, त्या सर्वतीर्थ टाकेदच्या नाशिक जिल्ह्यातच खोरीपाडा येथे वनखाते आणि गावकरी गिधाडांसाठी निर्विष मढी ठेवतात. गडचिरोलीतही असेच ‘उपाहारगृह’ चालविले गेले. हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात वाढविलेली गिधाडे २०२४ मध्ये पेंच आणि ताडोबाच्या जंगलांत आणली गेली. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याला उडावयास शिकविता येते, कोणते मढे खावे हे शिकविता येत नाही. ते एका दिवसात कित्येक मैल उडते, आणि जंगलाची हद्द त्याला ठाऊक नसते. तेव्हा पेंच आणि ताडोबाभोवतालच्या तालुक्यांतील औषधदुकानांत गुरांसाठी आज नेमके काय विकले जाते, याची झडती अन्न व औषध प्रशासनाने घ्यावी, त्या झडतीचे निकाल प्रसिद्ध करावेत, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांत मेलॉक्सिकॅम शेतकऱ्याला फुकट किंवा नाममात्र दरात मिळेल अशी तजवीज पशुसंवर्धन खात्याने करावी. याला संसदेचा कायदा लागत नाही की सर्वोच्च न्यायालयाचा निकालही लागत नाही. दोन खात्यांच्या सचिवांनी एका टेबलाशी बसणे तेवढे लागते.